उजव्या अंगठ्यासाठी बारा रंग

२ सप्टेंबर, सोमवार

आसेमने आज दुकानात एक पुठ्ठ्याचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. इतक्या जपून, की आत अंडी असावीत असं वाटलं. आत नेलपॉलिशच्या बारा बाटल्या निघाल्या. सगळ्या ‘न्यूड’, सगळ्या नैसर्गिक आणि वर ‘व्हीगन’. म्हणजे चकाकीसाठी माशाचे खवले नाहीत आणि लालीसाठी किडे भरडलेले नाहीत. माझी लेक मला हे समजावून सांगत होती तेव्हा घरच्या बाल्कनीत तिच्याच लग्नासाठी अख्ख्या घोड्याचं मांस वाळत होतं.

“आई, आजपासून जेल पॉलिश बंद. तुझंही आणि माझंही. नखांना श्वास घेऊ दे.”

“बावीस वर्षं लोकांची नखं रंगवतेय. एकाही नखाचा श्वास ऐकला नाही.”

“ऐकायला तू जरा गप्प बसायला हवंस.”

लग्न पाच ऑक्टोबरला. बारातला एक रंग आम्ही दोघींनी मिळून निवडायचा आणि दोघींनी तोच लावायचा, असा हुकूम आहे. नावं वाचली: ‘क्षमा’, ‘ओली वाळू’, ‘पहिलं मौन’, ‘बदामाची सावली’. बदामाला सावली असते हे मान्य, पण ती बाटलीत भरून विकता येते हे फक्त आल्माटीतल्या बायकांनाच पटेल. न्यूड म्हणजे अंगाचा रंग. कुणाच्या अंगाचा, ते डब्यावर लिहिलेलं नाही. बारातले नऊ तर सरळ ल्यूबाच्या अंगाचे आहेत. ल्यूबा माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते आणि उन्हात दहा मिनिटं उभी राहिली तर बीट होते. आमच्या गव्हाळ हातांसाठी उरले तीन.

दुकान बंद करायच्या आधी जेल काढलं. एरवी आम्ही खालचा थर काढतच नाही, त्याच्यावरच नवा चढवतो. दोन वर्षांत आज पहिल्यांदा मुळापासून काढलं.

उजव्या अंगठ्याच्या नखावर एक सरळ काळपट रेघ आहे. मुळापासून टोकापर्यंत. पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड.

वरून ‘बदामाची सावली’ लावली.

३ सप्टेंबर, मंगळवार

ल्यूबाला सांगितलं, केस रंगवताना डाग पडला. पुसलं, घासलं, फायलर चालवला. रेघ नखावर नाही, नखात आहे.

मला जे माहीत आहे ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल. बारा वर्षांपूर्वी प्रशिक्षणात एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली होती आणि म्हणाल्या होत्या, “हे दिसलं तर हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.” पाचवं चित्र अशाच रेघेचं होतं. खाली एक शब्द होता. तो मी तेव्हाही वहीत उतरवला नाही, आजही उतरवणार नाही. बाई म्हणाल्या होत्या, बहुतेक वेळा काही नसतं. ‘बहुतेक’सारखा निर्लज्ज शब्द दुसरा नाही.

वर्षाला दोन-तीन ग्राहक बायकांना मी स्वतः सांगते, “दाखवून घ्या हो, पाच मिनिटांचं काम.” एकीला तर दंडाला धरून टॅक्सीत बसवलं होतं. मला दंडाला धरणारं कोणी नाही. आसेमचे वडील आठ वर्षांपूर्वी गेले. गेले म्हणजे अस्तानाला, एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर.

आणि आत्ता जाऊ कशी? लग्नाआधी घरात वाईट बातमी आणत नाहीत. मुलीची आई आजारी म्हटलं की लग्न पुढे. पुढे गेलं की कुजबुज. कुजबुज म्हणजे ‘त्यांच्या रक्तातच काहीतरी आहे’. येर्झातच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, घरची माणसं चांगली आहेत, पण चांगल्या माणसांनाही कान असतात.

पाच ऑक्टोबरनंतर जाईन. तसं रेघेला सांगितलंय.

७ सप्टेंबर, शनिवार

जेलचे उपकार आता कळतात. तीन आठवडे हलायचं नाही. ही नैसर्गिक बया तिसऱ्या दिवशी टोकाकडून उडायला लागते. म्हणजे पुसा, पुन्हा लावा. आणि पुसलं की रेघ समोर. दर तीन दिवसांनी तिची भेट ठरलेली. इतक्या वेळा तर आसेमचे वडीलही भेटत नव्हते.

आज बाराही रंग अंगठ्यावर लावून पाहिले. ‘क्षमा’ एका हातात काहीच झाकत नाही, नाव बरोबर आहे. ‘ओली वाळू’ दोन हातांनंतर रेघेचं राखाडी करते, जे आणखी वाईट. ‘पहिलं मौन’ गुलाबी, त्यात ती आजारी दिसते. ती म्हणजे रेघ. ‘बदामाची सावली’ तीन हात दिले की दिव्याखाली काही दिसत नाही; खिडकीपाशी गेलं की दिसतं.

उद्या सासूने आसेमच्या कानात डूल घालायचा कार्यक्रम आमच्याकडे. बसायची जागा बदलली. विहीणबाई दिव्याखाली, मी खिडकीला पाठ करून.

८ सप्टेंबर, रविवार

झाउरेश आली. येर्झातची आई. सरकारी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची मोठी नर्स आहे, आणि चालते अशी की वाटेतल्या खुर्च्यांनी स्वतःहून बाजूला व्हावं. आसेमच्या कानात तिने चांदीचे डूल घातले, कपाळाचं चुंबन घेतलं, सगळ्या बायका रडल्या. मीही रडले. इथपर्यंत छान झालं.

मग चहा. चहा घरच्या बाईनेच ओतायचा, आणि प्याला अर्धाच भरायचा. काठोकाठ भरला तर अर्थ होतो, पिऊन चालते व्हा. त्यामुळे प्याला सतत रिकामा होतो, सतत माझ्याकडे येतो, सतत माझ्या हातून परत जातो. पाहुण्यांसमोर हात लपवायचे असतील तर आमच्या लोकांत जन्मच घेऊ नये.

पाचव्या प्याल्याला झाउरेशने प्याल्याबरोबर माझी बोटंही धरली.

“विहीणबाई, नऊ नखांना एक हात आणि अंगठ्याला तीन?”

“ब्रश घसरला.”

“बावीस वर्षांनी?”

मी हसले. ती हसली नाही. दहाव्या प्याल्यापर्यंत तिची नजर अंगठ्यावरच होती. निघताना दारात म्हणते कशी, “आमच्याकडे टेबलावर घेण्याआधी आम्ही सगळ्यांची नखं कोरी करून घेतो. कोऱ्या नखावर माणसाचं सगळं वाचता येतं.”

म्हणजे? मी रंगरंगोटी करणारी बाई, आणि ती माझं खानदान वाचणार? आसेमला म्हटलं, तुझी सासू मला आत्ताच टेबलावर घेऊन चिरायला निघाली आहे. आसेम म्हणाली, “त्या साध्या आहेत गं.” साधी माणसं किती घातक असतात हे हिला अजून कळायचंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

विहिणीकडून भेटीची पिशवी आली. सफरचंदं, आंबट दह्याचे सुकवलेले गोळे, एक रेशमी रुमाल आणि तळाशी, नीट कागदात गुंडाळलेली, नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरची बाटली. वर कापसाचा गठ्ठा.

मला! रिमूव्हर! हे म्हणजे हलवायाच्या घरी मधुमेहाची गोळी पाठवण्यासारखं आहे.

ल्यूबा पोट धरून हसली. “उलट टपालाने तिला सुरी पाठव,” म्हणाली. मी काही पाठवलं नाही. पण विहिणीने दिलेलं टाकता येत नाही, म्हणून बाटली कपाटात ठेवली. मागच्या बाजूला.

रेघ आज पट्टीने मोजली. उगाच.

१५ सप्टेंबर, रविवार

झाउरेशचा फोन.

“मंगळवारी सकाळी आठला माझ्याकडे या. इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. चहा पिऊ.”

“घरी का नाही?”

“घरी नातेवाईक आहेत. आणि आमचे मोठे डॉक्टर मंगळवारीच असतात. फार चांगला माणूस. हात हलका. तुम्ही एकदा त्यांना भेटाच. आणि हो, काही खाऊन येऊ नका.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई माझं जमवतेय! आपल्या मुलाची सासू नवऱ्याने सोडलेली, हे तिला लोकांत बरं दिसत नसणार. म्हणून नखं बघणं, म्हणून रिमूव्हर: जरा साधी दिसा, डॉक्टरला भडक बायका आवडत नाहीत. आणि ‘खाऊन येऊ नका’ म्हणजे माझ्या कंबरेवर टोमणा.

मी म्हटलं, “विहीणबाई, माझं वय एकोणपन्नास आहे. मला आता कुठलाही डॉक्टर नको.”

 ती म्हणाली, “हीच तर मला भीती होती.”

१८ सप्टेंबर, बुधवार

रेघ आता दोन शिसांएवढी आहे.

आणि ती नखाबाहेर आली आहे. मुळाशी, कातडीवर, तिळाएवढा काळा शिंतोडा. नखाला रंग लावता येतो. कातडीला लावला तर तासाभरात सोलून निघतो. मी लावून पाहिला. चार वेळा.

बाईंनी पाचव्या चित्रावर पट्टी टेकवून नेमकी हीच जागा दाखवली होती. “इथे आलं तर बहुतेक म्हणू नका,” म्हणाल्या होत्या.

आज एका ग्राहकाची नखं कापताना मी माझ्याच अंगठ्याकडे बघत होते. कात्री अंगठ्यावरच तोललेली असते. ब्रश अंगठ्यावर, फायलर अंगठ्यावर. माझं दुकान, माझी भाकरी, माझी जीभ सोडली तर माझं सगळं या अंगठ्यावर उभं आहे.

आसेमला वाटतं मला विहिणीचा राग आलाय म्हणून मी जेवत नाही. वाटू दे.

२१ सप्टेंबर, शनिवार

कातडीवरच्या डागाला चिकटपट्टी लावली. कुणी विचारलं तर भाजलं. झाउरेशने आसेमकडे निरोप दिला: “आईला सांग, लग्न महिनाभर पुढे ढकलायचं असेल तरी आमची हरकत नाही.”

झालं. मला भीती होती तेच. आता ते माघार घ्यायला निमित्त शोधतायत. डॉक्टरला नाही म्हटलं, त्याचा राग. आसेमला सांगितलं, “एक दिवसही पुढे नाही.” ती माझ्या चिकटपट्टीकडे बघत होती.

२३ सप्टेंबर, सोमवार

दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि झाउरेश आत आली. ग्राहकाच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात टेबलावर पसरले. जंतुनाशकाने फुटलेले, कोरे हात.

“करा.”

“तुमच्याकडे तर कोरी लागतात.”

“आज सुट्टीवर आहे. ते बारा रंग काढा. माझ्या अंगाचा त्यात कुठला?”

मी बाटल्या मांडल्या. तिच्या बोटांशी एकेक धरून पाहिली, ‘मधाची साय’ जवळ जात होती. तिचा हात हातात घेतला, आणि तिने तो उलटा फिरवून माझाच अंगठा पकडला. चिकटपट्टी एका झटक्यात काढली.

“सोडा.”

“नाही सोडणार. विहीणबाई, लग्न होईपर्यंत आपण एकमेकींशी अशुभ बोलायचं नाही, हे मला कळतं. म्हणून फिरून फिरून आले. रिमूव्हर पाठवलं, तुम्हाला कळलं नाही. डॉक्टर सुचवला, कळलं नाही. लग्न पुढे ढकला म्हटलं, कळलं नाही. अजून किती लांबून येऊ? ताश्कंदवरून?”

“तो डॉक्टर... स्थळ नव्हतं?”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

 ती जी हसायला लागली, की ल्यूबा पाणी घेऊन धावत आली. “अहो, त्याला बायको आहे, चार मुलं आहेत आणि तोंडाला कांद्याचा वास येतो!” हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगठा सोडला नव्हता. मग लक्षात आलं की हसणं केव्हाच थांबलंय आणि पाणी अजून येतंय.

“चौदा वर्षं असे अंगठे मी टेबलावर धरलेत,” म्हणाली. “लवकर आलेले आणि उशिरा आलेले. चहाचा प्याला घेताना मला कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं, नाही का?”

मी म्हटलं, “लग्न मोडेल.”

“कोण मोडणार? मी? उद्या आठला तिसऱ्या मजल्यावर दिसला नाहीत तर मी तुमचं डोकं मोडीन. आता ते पुसा.”

माझ्याच्याने होईना. ल्यूबाने कपाटातून रिमूव्हर काढून दिलं आणि झाउरेशने स्वतः पुसलं. कडेकडेने सगळं राहिलं. इतकं वाईट काम मी शिकाऊ मुलींकडूनही खपवून घेत नाही. तिला तसं सांगितलं.

“बरं वाटतंय ना बोलून? बोला,” म्हणाली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचं.

सुई. मग काही कळलं नाही. तुकडा बाटलीत गेला. बाटलीवर माझं नाव.

डॉक्टर म्हणाले, तपासणीला अकरा-बारा दिवस लागतील. वरच्यावर असेल तर नख जाईल. खाली उतरलं असेल तर अंगठा. त्याच्याही पुढे गेलं असेल तर अंगठ्याचं मग बघू.

तोंडाला खरंच कांद्याचा वास येतो.

२९ सप्टेंबर, रविवार

अजून डावाच हात. जमायला लागलंय. तेही आवडलं नाही.

आसेमला सांगितलं, नख दारात चेंगरलं, ते काढावं लागलं. तिने विश्वास ठेवला. “बरं,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी मघाशीच घासलेली होती.

मग रंग निवडायला बसलो. मी तिचा हात पुढे ओढला, तर तिने माझा घेतला. डावा. एकेक बाटली माझ्या बोटांशी धरून बघू लागली.

“अगं, लग्न तुझं. तुझ्या हाताला जुळवून बघ.”

“मला तुझ्या अंगाचा हवा.”

“म्हाताऱ्या कातडीचा रंग कशाला लावतेस?”

“गप्प बस ना, आई. हलू नकोस.”

एकेक बाटली तिने तीन-तीनदा धरली. शेवटी ‘शरदातलं गवत’ ठरलं. हलका पिवळसर, जरासा धुळकट. हुबेहूब माझा हात. हल्लीच्या मुलींचं काही कळत नाही. लग्नानंतर दोघं समुद्रावर जाणार होती, तेही तिने रद्द केलं. विचारलं तर म्हणे, “समुद्र कुठे पळून जातोय?”

तिची नखं मी रंगवायची होती. ती चार वर्षांची असल्यापासून हे ठरलेलं होतं. आता ल्यूबा रंगवेल.

२ ऑक्टोबर, बुधवार

मला फार भीती वाटतेय. याला जोडायला विनोद शोधला, मिळाला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

काल लग्न झालं.

तीनशे माणसं. अंगठ्यावर पांढरी पट्टी, आणि मी हात बाहीत, रुमालाखाली, फुलांमागे लपवत होते. संध्याकाळी येर्झातची आत्या, जिचा आवाज डोंगरापलीकडच्या मेंढ्यांनाही ऐकू जातो, ओरडली, “अगं, मुलीच्या आईच्या हाताला काय झालंय? लग्नघरात बांधलेला हात? कसला आजार नाही ना?”

आमचं टेबल गप्प झालं. मग शेजारचं. तीनशे माणसं गप्प व्हायला किती थोडा वेळ लागतो, ते मी काल पाहिलं. आसेम जागची उठली. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात काही नव्हतं.

झाउरेश तेवढा वेळ दाराशी फोनवर होती. तिने फोन बंद केला, चालत आली आणि गाणाऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला.

“गुन्हा माझा आहे,” म्हणाली. “परवा आम्ही दोघी मांस कापत होतो. विहीणबाईंनी तुकडा धरला होता, सुरी माझ्या हातात होती, आणि मी बोलत होते. मी बोलायला लागले की काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.”

नवऱ्याने मान खाली घालून हात वर केला. हॉल हसला. पण आमच्या म्हाताऱ्यांनी टेबलावर मुठी आपटायला सुरुवात केली. विहिणीचं रक्त सांडलं म्हणजे साधी गोष्ट नाही. “दंड! दंड!” वरपक्षाची मान खाली गेली. आत्याबाईंचं तोंड आंबलं. आजपासून वीस वर्षं प्रत्येक लग्नात हे उगाळलं जाईल, आणि नाव झाउरेशचं निघेल. जी बाई चौदा वर्षं डॉक्टरांच्या हातात सुऱ्या देतेय, तिच्या हातून सुरी घसरली म्हणून.

“दंड कबूल,” ती म्हणाली. “एक चापान, आणि वसंतात एक शिंगरू.”

चापान तिने गाडीतून मागवला. निळा मखमली अंगरखा, सोन्याच्या तारेचा, नेमका माझ्या मापाचा. तो इतक्या तयारीने तिच्या गाडीत काय करत होता, देव जाणे. तिने तो माझ्या खांद्यांवर चढवला, माणसं टाळ्या वाजवत होती, आणि गळ्याशी बंद बांधता बांधता ती माझ्या कानाशी बोलली.

“आत्ता तोच फोन होता. प्रयोगशाळेतून. वरच्यावरच आहे. खाली उतरलेलं नाही. नख मुळासकट काढतील, ते परत उगवणार नाही. दर तीन महिन्यांनी मला येऊन दाखवायचं. अंगठा तुमचा.”

“नक्की?”

“दोनदा वाचून घेतलंय तिथल्या मुलीकडून. आता पडू नका, तीनशे माणसं बघतायत.”

मी पडले नाही. तिने मला धरलंच होतं, बंद बांधायच्या निमित्ताने.

आसेम आली. ओढणी सावरत, धावतच. “आई, काय म्हणाल्या त्या? तू रडतेस का?”

“चापान काखेत आवळतोय, असं सांगितलं त्यांना.”

 आसेमने नुसता माझ्या काखेत हात घालून पाहिला. तिथे चार बोटं जागा होती.